सतरा नंबरची कुंडी

कुमुद मुळ्ये बंगळूरला गेल्या,
लेकीच्या बाळंतपणाला, अडीच महिने.
जाताना गच्चीची किल्ली दिली
आणि वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं.

मोगऱ्याला रोज, ऊन चढायच्या आत.
कढीपत्त्याला मंगळवारी ताक, पातळ करून.
तुळस सावलीत ओढावी, पण तिला कळेल असं नको.
सदाफुलीची काळजी करू नये, ती आपलं आपण बघते.
अडेनियमला पाणी देऊ नये, मागितलं तरी.
आणि कोपऱ्यात, खाली दोन रेघा मारून:
आरओचं उरलेलं पाणी झाडांना बिलकुल नाही.

मी विद्युत मंडळातला. एकोणतीस उन्हाळे
अर्ध्या इंदूरचे मीटर वाचले,
झाडं नाही.
पण आकडे असले की मला जमतं.
खडू घेतला, कुंड्यांवर नंबर घातले. छत्तीस.
नर्मदेचे नळ एक दिवसाआड, पहाटे पावणेसहाला,
चाळीस मिनिटं.
त्यात माझ्या दोन बादल्या, त्यांच्या नऊ.

एप्रिलात बोअरिंग खोकायला लागलं.
सुदामा नगरच्या गच्च्या दुपारी तव्यासारख्या,
चप्पल घालूनही पाय उचलून चालावं लागे.
हिरवी जाळी आणली, एक टोक टाकीला,
एक जुन्या अँटेनाच्या नळीला.
रात्री वारं सुटायचं, मालव्यातलं, गार,
आणि जाळी फडफडून मला उठवायची,
काही तक्रार नसताना.

रसवाल्या बनवारीकडून उसाची चिपाडं मागून आणली,
वाळवली, तोडली, मुळांवर पांघरली.
नीट वाळली नव्हती.
मुंग्यांना हे माझ्या आधी कळलं.
मग कडुनिंबाची पेंड, मग हळद,
मग दोन दिवस मी आणि मुंग्या
एकमेकांकडे बघत बसलो.

सतरा नंबर पानावर नव्हता.
रुंद सिमेंटची कुंडी, भर उन्हात, नुसती माती.
विसरल्या असतील, म्हटलं.
घाईत एखादं नाव राहतंच.
नोकरीतही जो मीटर फिरत नसे
त्याच्यापुढे मी जास्त वेळ उभा राहायचो.
तिला रोज एक मग. कधी दीड.
मोगऱ्याच्या वाट्यातला.

अखातीच्या दोन दिवस आधी
मातीतून तीन हिरवे काटे वर आले,
मान वाकवून, जणू कुणी रागावलं होतं.
फोन लावला. मागे बाळ रडत होतं.
"सतरा कुठली? अहो, ती कुंडी नाही, ती माती आहे.
तापवायला ठेवलीय, किडे मरावेत म्हणून.
थेंबभर पाणी नको तिला!"
"नाही नाही," म्हटलं,
आणि फोन आभाळाकडे वळवला.

रात्री दहानंतर, टॉर्च दातात धरून,
चमच्याने तिन्ही रोपं उकरली,
रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली,
माझ्या गच्चीवर नेली.
एक जिन्यातच मोडलं. एक चौथ्या दिवशी.
माती वर्तमानपत्रावर पसरली,
रोज उलथत राहिलो,
पापड वाळवल्यासारखी.

उरलेल्याला हातासारखी पानं फुटली तेव्हा कळलं, पपई.
कुणी खाल्ली, बी कुणी टाकली, काय माहीत.

जूनच्या मध्यावर कुमुदताई आल्या.
आधी मोगऱ्यापाशी गेल्या.
"हा रुसलाय," म्हणाल्या. मी पाइप गुंडाळत राहिलो.
मग सतरामध्ये कोपरापर्यंत हात घातला,
मूठ उघडून बघितली, हुंगली.
"छान भाजलीय हो."

मग कठड्यावरून माझ्या गच्चीकडे.
"ही पपई कुठली?"
"आली," म्हटलं.
पदराला हात पुसत बराच वेळ बघत राहिल्या.
"नर निघेल," म्हणाल्या.
"त्या मातीतली दर वेळी नरच निघते."

तरी डब्यावर खडूने
सदतीस लिहून ठेवलंय.